रिकामं पारडं

३ फेब्रुवारी

फूटपट्टी,

तुझ्या पत्राची वाट न बघता मीच लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोनच केला असता, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरते, आणि मग तू म्हणतेस, मावशी, मी असं म्हटलंच नव्हतं. कागदावर तुला तुझा शब्द फिरवता येणार नाही आणि मला माझा.

काम असं आहे. दुकानाशेजारची पार्लरवाली तुला आठवत असेल. तुझे केस बघून "हे कुणी कापले, उंदरांनी?" म्हणाली होती, तीच. तिचा नवरा गेल्या वर्षी घर सोडून गेला होता, तो परत आला. आपणहून, दोन बॅगा घेऊन, आणि आल्या आल्या त्याने गळका नळ दुरुस्त केला. तिने एक मांत्रिक गाठला होता, ऑनलाइन. तो कुठेतरी लांब बसून मंत्र घालतो, आपण मोबाईलवर माणसाचं नाव कळवायचं. मी म्हटलं, अगं, नवऱ्याचे पैसे संपले असतील म्हणून आला असेल. ती म्हणाली, "का आला ते महत्त्वाचं, की आला ते?" त्या नादात हातातली पँट मी दोन इंच जास्त आखूड केली.

तिचा तो मांत्रिक आता सापडत नाही, म्हणून तिने मला दुसरी सात नावं काढून दिली आहेत. सगळे म्हणतात मी खरा, बाकीचे लुबाडणारे. तुझी ताई जाऊन चार वर्षं झाली. जावई विचारायला आले तेव्हा मला कळलं की ती त्यांच्याकडेही नाही. पोलिसांनी सांगितलं, सज्ञान आहे, आपणहून गेली आहे, आम्ही काय करणार. कशावरून एवढा राग धरला, मला माहीत नाही. एकुलती एक मुलगी, आणि ती जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला शेजाऱ्यांना सांगता येत नाही.

मंत्रबिंत्र असतं का, असं मी तुला विचारत नाहीये. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. खोटा कसा ओळखायचा, एवढंच सांग. तुझं पोटच त्यावर चालतं.

मावशी


११ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मिळालं. केस माझे मीच कापले होते.

मंत्राने माणूस परत येतो असं मला वाटत नाही. हे एकदाच लिहून ठेवते, कारण तू ते विचारलेलं नाहीस. माझ्या सांगण्याने तू थांबणार असतीस तर पार्लरवालीकडून यादी घेतली नसतीस.

जो खात्री देतो, त्याला सोडून दे. "सात दिवसांत शंभर टक्के" म्हणणारा माणूस सात दिवसांनी सापडत नाही. घाई करणाऱ्यालाही सोड. आजच, आत्ताच, नाहीतर वेळ टळेल, असं म्हणणाऱ्याला तू विचार करायला नको असतेस. सुरुवातीला थोडे पैसे घेऊन नंतर "एक नवीन अडथळा दिसला" म्हणणारा प्रत्येक आठवड्याला नवीन अडथळा पाहील. नकार दिल्यावर जो शापाची भीती घालतो त्याला उत्तरही देऊ नकोस, क्रमांक बंद करून टाक. पानावरचे लोकांचे अभिप्राय सलग वाचून बघ. दहा वेगवेगळ्या माणसांच्या स्पेलिंगच्या चुका एकाच जागी असतील तर ती दहा माणसं एकच आहेत. आपला पत्ता, बँकेच्या खात्याचा नंबर, घरातले फोटो कुणालाही द्यायचे नाहीत. ताईचा फोटो तर नाहीच.

एवढ्यानेही कुणी उरला, तर आमच्या प्रयोगशाळेतली एक पद्धत सांगते. वजनकाटा तपासायला आला की आम्ही त्यावर आधी काहीच ठेवत नाही. रिकाम्या पारड्यावर काटा शून्य दाखवतो का, ते बघतो. रिकाम्या पारड्यावरही जो वजन दाखवतो तो काटा बाद, पुढे तपासायची गरज नाही. तसं कर. जी व्यक्ती जन्मालाच आलेली नाही तिचं नाव दे आणि सांग, ही घर सोडून गेली आहे. तिच्याबद्दल जो काहीही सांगेल तो खोटा.

माझा अंदाज, सातातला एकही पास होणार नाही. मग तू यादी पार्लरवालीला परत दे.

ताईबद्दल मला काही लिहिता येत नाही.

तुझी
फूटपट्टी


२ मार्च

फूटपट्टी,

परीक्षा घेतली. पेपर तुझा, तपासणारे आम्ही दोघी, आणि परीक्षेची जागा पार्लरची खुर्ची. टायपिंग तिनेच केलं, माझं बोट एकाच वेळी तीन अक्षरांवर पडतं.

मी माझ्यासाठी एक धाकटी मुलगी तयार केली. नाव ठेवायलाच अर्धा तास गेला. पार्लरवाली म्हणाली, "अहो, खोटीच आहे ना, काहीही ठेवा." पण काहीही कसं ठेवणार? तुझ्या ताईच्या पाठीवर दुसरी झाली असती तर जे ठेवणार होते, तेच ठेवलं. एकोणतीस वर्षांची, उजव्या गालावर तीळ, स्वभावाने जरा आगाऊ.

पहिल्याने सहा मिनिटांत सांगितलं की धाकटीवर एका घाऱ्या डोळ्यांच्या बाईची वाईट नजर आहे. दुसरा म्हणाला, ती लग्न झालेल्या माणसाच्या नादी लागली आहे. मला इतका राग आला की मी म्हटलं, लिही त्याला, माझी धाकटी तसली नाही. पार्लरवाली हसून हसून खाली बसली, तोवर गिऱ्हाईकाच्या केसांचा रंग कानापर्यंत उतरला होता. तिसऱ्याला फोटो हवा होता. आम्ही दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याला टोप आणि चष्मा घालून त्याचा फोटो पाठवला. "डोळ्यांत फार दुःख साठलं आहे," त्याने लिहिलं, "पण सात दिवसांत दारात उभी करतो." म्हटलं, बाबा, ती दारातच उभी आहे, एकवीस वर्षं.

चौथ्याला सूर्य मावळायच्या आत पैसे हवे होते. पाचवी बाई होती, गोड बोलायची, तिला दुसऱ्याच दिवशी नवीन अडथळा दिसला. अगदी तू लिहिलेल्या शब्दांत, मला वाटलं तुझं पत्र तिनेही वाचलंय. सहाव्याने नाही म्हटल्यावर धमकी दिली की घरात दुखणं शिरेल. मी कळवलं, संधिवात आधीपासून आहे, नवीन काही असेल तर सांग. तुझं ऐकायला हवं होतं, उत्तर द्यायला नको होतं, पण राहवलं नाही.

आणि सातवा. त्याने स्पष्ट लिहिलं की अशी मुलगी नाहीच. पैसे मागितले नाहीत, फोटो मागितला नाही, गोड बोलला नाही. तेवढं एक वाक्य. ते वाचून आम्ही दोघी हसायच्या थांबलो.

एकही पास होणार नाही, असं तू लिहिलं होतंस. तू चुकलीस हे पहिल्यांदाच बघते आहे, आणि कधी नव्हे इतका आनंद झाला आहे. आता त्याला खरं नाव देते.

मावशी


२३ मार्च

मावशी,

उशीर झाला. प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी चालू होती, तीन आठवडे घरी फक्त झोपायला येत होते. तुझं पत्र काल उघडलं.

त्याला ताईचं नाव दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस, ते काहीही असो.

मी तुला निम्मीच तपासणी सांगितली होती. बंद पडलेला काटासुद्धा रिकाम्या पारड्यावर शून्यच दाखवतो. म्हणून आमच्याकडे दुसरी पायरी असते. ज्याचं वजन आधीपासून पक्कं माहीत आहे, असं वजन पारड्यात ठेवायचं आणि काटा तेवढंच दाखवतो का ते बघायचं. काटा जागचा हलला नाही तर तो मेलेला आहे. त्याचं शून्य खरं नसतं.

माझं नाव दे त्याला. मी कुठे आहे, काय करते, तुला माहीत आहे. आणि त्याची उत्तरं मला जशीच्या तशी लिहून पाठव, एक शब्दही न बदलता. किती मिनिटांनी आली, तेही.

फू.


३० मार्च

फूटपट्टी,

तुझं पत्र आलं तोवर होऊन गेलं होतं. मी आठ मार्चलाच त्याला तुझ्या ताईचं नाव दिलं. तुला जसंच्या तसं हवंय, म्हणून पार्लरवालीकडून उतरवून घेतलं आहे. "अशी कुणी व्यक्ती आढळली नाही." चार मिनिटांनी. धाकटीच्या वेळीही हेच वाक्य, चारच मिनिटांनी.

म्हणजे गेली. कुठे, कशाने, ते त्याने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

तू म्हणालीस म्हणून तुझंही नाव दिलं. तेच उत्तर, चार मिनिटांनी. पार्लरवाली लगेच म्हणाली, "बघा, हा बिघडलेला आहे, तुमची भाची तर चांगली धडधाकट आहे." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. चार वर्षं ही मुलगी मला पत्रं लिहिते, त्यात ती स्वतः कुठे असते का? हवा कशी आहे, काम किती आहे, गोळ्या वेळेवर घे. तिच्या ताईचं नाव काढलं की एक ओळ, आणि खाली सही. त्या सातव्याला तू आढळली नाहीस यात मला काही नवल वाटलं नाही. राग मानू नकोस. आता कुणावर राग धरायची मला ताकद नाही.

आता एक गोष्ट सांगते. तिने कशावरून राग धरला ते मला माहीत नाही, असं मी तुला लिहिलं होतं. माहीत आहे. जायच्या आधीच्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती, एक बॅग घेऊन. म्हणाली, "आई, मला तिथे राहायचं नाही." मी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि ऐकल्यावर मला तिला परत पाठवता आलं नसतं. मी चहा केला. म्हटलं, सगळ्यांच्याच घरी असतं, थोडं सांभाळून घ्यावं लागतं. तिची बॅग मी स्वतः उचलून बसथांब्यापर्यंत नेली. लोकांना दिसावं की मुलगी आईला भेटून हसत सासरी निघाली आहे. बॅग जड होती. सगळेच कपडे आणले होते तिने.

हे मी तुझ्या काकांच्या फोटोलासुद्धा सांगितलेलं नाही.

तिची खोली आवरली. चार वर्षं नुसती झटकत होते. तिचा निळा कोट उसवून पार्लरवालीच्या मुलीच्या मापाचा केला, छान बसला. बाकीचे कपडे दिले. आणि खरं सांगते, त्या आठ तारखेपासून मला झोप लागते. सरळ सकाळपर्यंत.

आता शेवटचं काम. वर्तमानपत्रात चौकट द्यायची आहे. तिथला माणूस म्हणाला, पंचवीस शब्द बसतात. मी बसले की शंभर होतात. तू मोजून लिहितेस. तेवढे पंचवीस शब्द लिहून पाठव. "घरातून गेली" असं लिहू नकोस. नुसतं "गेली" लिही.

पंधरा एप्रिलला छापायचं ठरलं आहे.

मावशी


३ एप्रिल

मावशी,

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. चौकट देऊ नकोस. ताई जिवंत आहे.

आधी सातव्याचं. तो माणूस नाही. "अशी कुणी व्यक्ती आढळली नाही," हे वाक्य मी कामावर रोज बघते. एखादं नाव यादीत सापडलं नाही की कॉम्प्युटर ते आपोआप लिहितो. ते पान कुणीतरी सोडून दिलेलं आहे, त्याच्यामागे कुणी बसलेलं नाही. म्हणून पैसे मागितले नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी चार मिनिटं. तुझी मुलगी मेली आहे असं तुला कुणीही सांगितलेलं नाही.

आता माझं. तुझ्याकडून गेल्यावर बावीस दिवसांनी ताई माझ्याकडे आली. तीच बॅग होती. माझ्याकडे एकच खोली, ती सात महिने माझ्याबरोबर त्या खोलीत राहिली. पहिल्याच दिवशी तिने मला शब्द द्यायला लावला की आईला कळता कामा नये. बसथांब्याचं मला तेव्हापासून माहीत आहे. नंतर तिला दुसऱ्या शहरात काम मिळालं, ती तिकडे गेली. कुठलं शहर, कुठलं काम, ते मी लिहिणार नाही, तेवढा शब्द अजून माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मला फोन करते. तब्येत चांगली आहे. एकटी राहते. नवऱ्याकडे परत गेली नाही.

चार वर्षांत मी तुला एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. मी तपासून लिहायची. "ताईबद्दल मला काही लिहिता येत नाही." हे खरंच होतं. त्याचा तू काय अर्थ लावशील ते मला माहीत होतं, आणि तो तसाच लागावा म्हणून मी ते तसं लिहिलं.

तपासणीची दुसरी पायरी मी विसरले नव्हते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात, कुणी विसरत नाही. पहिल्या पत्रात मी ती लिहायला घेतली होती. माहीत असलेलं वजन, एवढं लिहिलं आणि थांबले. ते वजन माझ्याकडे होतं. तुझी मुलगी कुठे आहे हे मला माहीत होतं आणि मी तुला ती शोधणारे लोक कसे तपासायचे ते शिकवत होते. तो परिच्छेद मी खोडला आणि पान पुन्हा लिहून काढलं. वाटलं, रिकाम्या पारड्यावरच सगळे बाद होतील आणि तू हा नाद सोडशील.

काल मी ताईला फोन केला, ठरलेला दिवस नसताना. चौकटीचं आणि तू तिचा कोट दिल्याचं सांगितलं. ती काय म्हणाली ते मला लिहायचं नाही. तिने मला शब्दातून मोकळं केलेलं नाही. मी तो मोडते आहे.

मी येऊ का? शनिवारी निघू शकते.

फू.


२१ एप्रिल

फूटपट्टी,

येऊ नकोस.

चौकट थांबवली. त्या माणसाने विचारलं, काही बदल आहे का? मी म्हटलं, हो, मोठा आहे. तो म्हणाला, पंचवीस शब्दांत बसेल ना? मी निघून आले.

ती काय म्हणाली ते तू लिहिलं नाहीस. "देऊ दे" म्हणाली असेल. माझीच मुलगी आहे, एवढं मला कळतं.

पार्लरवालीला सांगितलं तर तिने मला मिठीच मारली. "जिवंत आहे, मावशी, जिवंत आहे!" तिचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच माझी लाज वाटली.

तुला लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगता येणार नाही. आठ मार्चपासून तुझं पत्र येईपर्यंत मला मुलगी होती. मेलेली होती, पण माझी होती. मेलेली मुलगी आईला भेटायला येत नाही, पत्र लिहीत नाही, त्यात तिची काही चूक नसते आणि आईचीही नसते. मी खोलीत बसून तिच्याशी बोलायची. बसथांब्याबद्दल माफी मागितली, तिने केली. खरंच केली, मला आतून कळलं. तुझ्या पत्राने ते सगळं गेलं. आता ती कुठेतरी आहे, भाजी आणते, कपडे वाळत घालते, पहिल्या रविवारी फोन उचलते आणि तुला लावते. दर महिन्याला. मला लावत नाही, असं तुझ्या खोलीतले महिने धरून चार वर्षांत अठ्ठेचाळीस वेळा झालं. मी तुझी मावशी आहे, मोजायला मलाही येतं.

झोप पुन्हा गेली.

तुझी आई गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. दोन वर्षं माझ्याकडे होतीस, तुम्ही दोघी एका पलंगावर झोपायचात. तुमच्यात काहीही झालं की ती तुझी बाजू घ्यायची आणि तू तिची. मला दोघींत कधी जागा मिळाली नाही, आणि मला त्याचं बरंच वाटायचं. माझ्यानंतर दोघींना कुणीतरी असेल म्हणून. तू तिला ठेवून घेतलंस हे चांगलं केलंस. मी जे करायला हवं होतं ते तू एका खोलीत केलंस. हे मी मनापासून लिहिते.

पण मी गळ्यापर्यंत बुडालेली असताना तू मला सात भामटे तपासायला लावलेस. हेही मनापासूनच लिहिते. आम्ही पुतळ्याला चष्मा घातला, हसलो, आणि तू ते पत्र वाचलंस. वाचताना तुला हसू आलं का?

तिचा पत्ता मागत नाही. एक प्रश्न तिला विचार. मी पत्र लिहिलं आणि तू ते तिला पाठवलंस, तर ती ते फाडून टाकेल की न उघडता ठेवून देईल? माझ्या लेखी यात फार फरक आहे. ठेवून देणार असेल तर मी लिहिते. तिने कधीच उघडलं नाही तरी चालेल. फाडणार असेल तर लिहीत नाही, तिला तेवढा त्रासही नको.

तिचं उत्तर आहे तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून वाक्य तपासू नकोस.

मावशी


७ मे

मावशी,

काल पहिला रविवार होता. ताईचा फोन येईल की नाही, मला खात्री नव्हती. आला.

आधी ती बोलली. तू शब्द मोडलास, म्हणाली. मी हो म्हटलं. म्हणाली, आता मी तुला तरी का फोन करायचा? मी म्हटलं, माहीत नाही. मग तिने विचारलं, तिचा निळा कोट खरंच दिला का. मी म्हटलं, हो, पार्लरवालीच्या मुलीला छान बसला.

मग मी तुझा प्रश्न विचारला, तुझ्याच शब्दांत, कागद समोर ठेवून. फाडून टाकशील की न उघडता ठेवशील?

ती गप्प झाली. माझ्यासमोर भिंतीवरचं घड्याळ होतं, त्याचा काटा मी बघत राहिले. चाळीस सेकंद. तिच्याकडून एक दार लावल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. मग ती म्हणाली, "तिला सांग, तू मला विचारलंच नाहीस."

एवढंच उत्तर आहे. मी तिला विचारलंच नाही, असं मी तुला सांगावं, हे तिला हवं होतं; तसं मी सांगत नाहीये, म्हणजे आणखी एक शब्द मोडते आहे. यापुढे मी दोघींपैकी कुणालाही काही लपवायचं वचन देणार नाही, हे तिलाही सांगितलं. पुढच्या महिन्यात तिचा फोन येईल की नाही ते मला माहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातून निघत नाही. फाडीन असं ती म्हणाली नाही. ठेवीन असंही म्हणाली नाही. त्या चाळीस सेकंदांचा अर्थ तू लावायला बसशील, तर लावू नकोस. मी कालपासून लावते आहे, आणि दर वेळी वेगळा लागतो.

तू विचारलं होतंस, पुतळ्याचं वाचताना मला हसू आलं का. आलं. मोठ्याने आलं. मग मागे जाऊन धाकटीच्या नावाची ओळ पुन्हा वाचली. तू लिहिलं नव्हतंस, तरी ते नाव मला माहीत होतं. त्या सात महिन्यांत ताईनेच एकदा सांगितलं होतं, आई दुसऱ्या मुलीचं हे नाव ठेवणार होती म्हणून. लहानपणी तिला त्या न झालेल्या बहिणीचा फार राग यायचा. आता येत नाही, म्हणाली. आता ती बहीण असती तर आईजवळ कुणीतरी असतं.

हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. पत्र बंद करून कपाटात ठेवलं आणि कामाला गेले. उशीर झाला तो तपासणीमुळे, असं तुला लिहिलं. ते पत्र मी आल्या दिवशीच वाचलं होतं. चार वर्षांत एकही खोटं वाक्य लिहिलं नाही, असं मी म्हटलं होतं. ते एक होतं.

काल फोन तिने ठेवला नाही. मीच ठेवला. मला रडू येत होतं, आणि ते तिला ऐकू जायला नको होतं.

तुझी
फूटपट्टी